घोडबंदरच्या फ्लॅटमधली म्युऑन डबी: ‘कॉस्मिक वॉच’ आणि न्यूट्रॉन मॉनिटरची फुकट सेवा

चहाच्या डब्याएवढं अ‍ॅल्युमिनियमचं खोकं, समोर बोटभर पडदा, बाजूला यूएसबीचं तोंड आणि हेडफोनला असते तसली ३.५ मि.मी.ची खाच. ‘कॉस्मिक वॉच’ म्हणतात ती डबी हीच. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळले की म्युऑन नावाचे कण निघतात, ते ही मोजते. अमेरिकेतल्या एमआयटी आणि पोलंडच्या राष्ट्रीय अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी तिचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. इथे परीक्षण आहे ते यूएसबी-आर्डुइनोवाल्या दुसऱ्या आवृत्तीचं. सुट्या भागांचा खर्च त्यांनी साधारण १०० डॉलर सांगितला होता. आपल्याकडे आयात शुल्क आणि कुरिअर धरलं तर हिशोब त्याच्या बराच वर जातो.

ही डबी घेणारे बहुतेक जण एकच गोष्ट विचारतात: सौरवादळ आलं की वैश्विक किरण कमी होतात म्हणे, ते ठाण्यात घरबसल्या दिसेल का? एका डबीवर नाही दिसणार. दोन डब्यांच्या जोडीवर फक्त फार मोठी घट दिसेल, तीही दिवसाच्या बेरजेत आणि हवेच्या दाबाचा परिणाम काढून टाकल्यावरच. ज्याला हे पटत नाही त्याने डबी घेण्याआधी एनएमडीबीच्या संकेतस्थळावर महिनाभर घालवावा. वैश्विक किरणांपासून निघालेले न्यूट्रॉन जमिनीवर मोजणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजे न्यूट्रॉन मॉनिटरांच्या, नोंदी तिथे मिळतात. त्याला पैसे पडत नाहीत.

डबीचा यात दोष नाही, अडचण आपल्या अक्षांशाची आहे.

सूर्याच्या प्रभामंडलातून प्लाझ्माचा लोंढा सुटतो (याला सीएमई म्हणतात) तेव्हा तो स्वतःचं चुंबकीय क्षेत्र सोबत ओढून आणतो. पुढे आघातलहर, तिच्या मागे खवळलेला पट्टा आणि त्याच्याही मागे दोरासारखं पीळ घातलेलं चुंबकीय क्षेत्र. आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन, विद्युतभारित कण. खवळलेल्या पट्ट्यात ते विखुरतात, पिळाच्या आत त्यांना सहज शिरता येत नाही. लोंढा पृथ्वीवरून जाताना जमिनीवरची मोजणी म्हणूनच काही तासांत खाली येते, बऱ्याचदा दोन पायऱ्यांनी, आणि मग कित्येक दिवस सावकाश वर चढते. स्कॉट फोर्बुश यांनी १९३७ मध्ये ही घट मांडली, म्हणून नाव फोर्बुश घट. सूर्याच्या फिरण्याबरोबर दर २७ दिवसांनी परतणारे वेगवान सौरवाऱ्याचे झोतही अशी घट करतात, पण ती उथळ आणि दोन्ही बाजूंनी सारखीच असते, धबकन पडत नाही.

आता ठाणं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या कणांना चाळून काढतं, आणि ही चाळणी विषुववृत्ताजवळ सर्वात बारीक असते. तिचं माप म्हणजे कटऑफ रिजिडिटी, गिगाव्होल्टमध्ये. कण चुंबकीय क्षेत्रात जितका कमी वळतो तितकी त्याची रिजिडिटी जास्त, आणि कटऑफच्या खालचे कण आत पोचत नाहीत. फिनलंडच्या ओउलूला ती सुमारे ०.८, रोमला साधारण ६.३, आणि आपल्या पट्ट्यात १७ च्या आसपास. म्हणजे ठाण्यावर येणारा प्रोटॉन मुळातच दांडगा असतो. त्यात जमिनीपर्यंत पोचणारे म्युऑन ज्या कणांपासून निघतात त्यांची मधली रिजिडिटी तर पन्नास-साठ गिगाव्होल्टच्याही वर जाते. सीएमईचा पिळदार दोर १ गिगाव्होल्टच्या कणाला आरामात वळवतो, ६० वाल्याला जेमतेम धक्का देतो. ऑक्टोबर २००३ च्या अखेरच्या वादळात उंच अक्षांशांवरच्या न्यूट्रॉन मॉनिटरांची मोजणी वीस टक्क्यांच्या आसपास कोसळली होती. आपल्याकडच्या म्युऑनसाठी मोठ्या घटनेतही दोन-चार टक्क्यांची घट धरून चालावं, आणि एरवीच्या घटनांसाठी एका टक्क्याच्याही आत.

आता डबीच्या पोटात काय आहे ते. ५×५×१ सें.मी.चा प्लास्टिक सिंटिलेटर, त्याला चिकटलेला ६ मि.मी.चा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, ५ व्होल्टचे सुमारे २९.५ व्होल्ट करणारं सर्किट, सिग्नल वाढवून थोडा वेळ धरून ठेवणारा भाग आणि मोजायला आर्डुइनो नॅनो. भारित कण प्लास्टिकमधून गेला की निळसर चमक होते, फोटोमल्टिप्लायर ती पकडतो आणि आर्डुइनो एक ओळ लिहितं: घटनेचा क्रमांक, मिलिसेकंदात वेळ, एडीसीचा आकडा (स्पंदाची उंची), मिलिव्होल्ट, मृतकाल (डबी मोजू शकत नव्हती तो वेळ), तापमान. इतकी स्वच्छ नोंद या किमतीत दुसरं काही देत नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

जोडणीत सर्वात जास्त घोळ होतो तो प्रकाशगळतीचा. सिंटिलेटरला आधी परावर्तक कागद किंवा फॉइल, त्यावर काळी इलेक्ट्रिकल टेप, निदान दोन थर, कोपऱ्यांवर तीन. फोटोमल्टिप्लायर आणि प्लास्टिकच्या मध्ये ऑप्टिकल जेलचा थेंब, हवेचा बुडबुडा अडकू न देता. मग खोकं बंद करण्याआधी अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटांची मोजणी घ्या आणि मोबाईलचा टॉर्च चारही बाजूंनी फिरवत पुन्हा दहा मिनिटांची. दुसरी मोजणी लक्षात येण्याइतकी जास्त आली तर टेप उघडून पुन्हा गुंडाळा. जेल जास्त पडलं तर ते स्क्रूच्या भोकांतून बाहेर येऊन टेपचा डिंक सोडवतं. जूनमध्ये नीट असलेली डबी ऑगस्टमध्ये खिडकीच्या उजेडाला दाद द्यायला लागली की कारण बहुधा हेच असतं. तयार डबी विकत घेतली तरी ही चाचणी चुकवू नका.

मोजणीचं गणित कागदावर आधी करावं, डबी आल्यावर नव्हे. समुद्रसपाटीवर आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. म्हणजे २५ चौ. सें.मी.च्या डबीवर मिनिटाला पंचविसेक, तासाला दीड हजार. पण एकटी डबी याहून बरंच जास्त मोजते, कारण भिंतीतल्या पोटॅशियम-४० आणि थोरियम मालिकेचे गॅमाही तिला चमकवतात. एडीसीची मर्यादा वर ढकलून गॅमा गाळता येईल असं वाटतं, पण उभा म्युऑन १ सें.मी. प्लास्टिकमध्ये सुमारे २ एमईव्ही ऊर्जा सोडतो आणि थोरियम मालिकेतला गॅमा २.६ एमईव्हीचा आहे. दोघांची ढिगारं एकमेकांवर चढतात. ग्रॅनाइटच्या ओट्यावर डबी ठेवली तर आणखीच.

उपाय म्हणजे दोन डब्या एकावर एक ठेवून ३.५ मि.मी.च्या ऑडिओ केबलने जोडायच्या आणि दोन्हीची रीसेट बटणं एकापाठोपाठ दाबायची. एक डबी सगळं मोजते, दुसरी फक्त दोन्हीत जवळजवळ एकाच वेळी चमकलेलं. गॅमा गळून जातात, पण तिरपे म्युऑनही गळतात. दोन्ही सिंटिलेटरमध्ये चारेक सेंटिमीटर अंतर असेल तर तासाला चार-पाचशे जोडघटना हातात पडतात. वर्गमूळाचा नियम लावला तर तासाची त्रुटी पाच टक्के, दिवसाच्या दहा हजारांवर एक टक्का. दोन-चार टक्क्यांची घट एक टक्क्याच्या त्रुटीत शोधायची. वादळाआधीचे पाच-सहा शांत दिवस जमवून सरासरी घट्ट बसवली असेल तर मोठी घटना ओळखता येते. तासागणिक आलेख काढून ‘पहा, पडली’ म्हणणारा मात्र स्वतःला फसवतोय.

तासाला अर्धा टक्का त्रुटी हवी तर ३०×३० सें.मी.चे दोन सिंटिलेटर लागतात. प्लास्टिकचा खर्च आणि टेपचं काम दोन्ही मग वेगळ्याच पातळीवर जातं. त्यापेक्षा ठाण्यातल्या चार-पाच शाळांनी एकेक जोडी लावून दिवसाच्या बेरजा एकत्र केल्या तर खर्च वाटला जातो आणि एकाच इमारतीची विचित्र सवय सगळ्यांच्या आकड्यांत शिरत नाही.

इमारतीच्या सवयींबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण मूळ आराखड्याच्या पुस्तिकेत ठाण्याचा टॉवर गृहीत धरलेला नाही.

गच्चीवरची पाण्याची टाकी घ्या. दोन मीटर पाणी म्हणजे दर चौ. सें.मी.वर २०० ग्रॅम. ते म्युऑनची ०.४ जीईव्ही ऊर्जा खातं आणि मंद म्युऑन तिथेच थांबतात. वरच्या मजल्यावर टाकीखालच्या खोलीत डबी असेल तर सकाळी पंप चालू झाला की मोजणी उतरते, दुपारपर्यंत टाकी रिकामी होते तशी चढते. रोज, ठरल्या वेळी, कित्येक टक्क्यांनी. सोसायटीच्या पंपाचं वेळापत्रक इतकं सुबक दुसऱ्या कशात उमटत नसेल, पण सूर्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. डबी टाकीच्या सावलीतून बाहेर ठेवा. अगदी खालच्या मजल्यावरही नको. साधारण १५ सें.मी.चा स्लॅब म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास, आणि वर वीस स्लॅब असतील तर चांगलीच मोजणी जाते. वरून दुसरा-तिसरा मजला, टाकीपासून लांबची खोली, ही जागा बरी.

हवेचा दाब वाढला की म्युऑन कमी होतात, दर हेक्टोपास्कलला ०.१ ते ०.२ टक्के. उष्ण कटिबंधात दाब दिवसातून दोनदा वरखाली होतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास शिखर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास दरी, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. शिवाय डिसेंबर-जानेवारीचा दाब जुलैपेक्षा दहाएक हेक्टोपास्कलने जास्त. म्हणजे काहीही न घडता हिवाळ्यात मोजणी एक-दीड टक्क्याने खाली. या डबीत दाबाचा सेन्सर नाही, ही तिची सर्वात मोठी उणीव. बीएमपी२८० चा छोटा बोर्ड वेगळा घेऊन दर दहा मिनिटांची नोंद ठेवा. दाब एका ठरलेल्या संदर्भापेक्षा जितके हेक्टोपास्कल जास्त, त्याला गुणांकाने (दर हेक्टोपास्कलला किती टक्के) गुणून तितक्या टक्क्यांनी मोजणी वर उचलायची, कमी असेल तर खाली आणायची. संदर्भ म्हणून १००८ धरलं तरी चालतं, ते पुढे बदलू नका म्हणजे झालं. गुणांक पुस्तकातून उचलू नका. महिनाभराच्या शांत दिवसांची मोजणी आणि दाब समोरासमोर मांडून स्वतःच्या खोलीचा काढा, आणि त्या महिन्यात सौरवादळ नव्हतं ना हे आधी बघा.

पाऊस वेगळाच खेळ करतो. सर कोसळली की हवेतली रेडॉनची अपत्यं, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, पाण्याबरोबर खाली येतात. एकट्या डबीची मोजणी उसळते आणि पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत ओसरते, कारण त्यांचं अर्धायुष्य वीस-तीस मिनिटांचं आहे. जुलैत घोडबंदरला हे रोजचंच. जोडमोजणीवर याचा परिणाम जवळपास होत नाही, म्हणून पावसाळ्यात एकट्या डबीच्या आकड्यावरून सूर्याबद्दल बोलायचंच नाही. उलट, पाऊस दाखवणारी डबी म्हणून ती फार मजेदार आहे.

तापमानाचं म्हणाल तर फोटोमल्टिप्लायरचा ब्रेकडाउन व्होल्टेज दर अंशाला २१.५ मिलिव्होल्टने सरकतो. एसी रात्री २४ अंशांवर आणि दुपारी बंद खोली ३४ वर, म्हणजे पावपट व्होल्टच्या जवळ फरक, आणि स्पंदाची उंची चार टक्क्यांहून जास्त हलते. मर्यादेजवळची स्पंदं त्यामुळे आत-बाहेर होतात. एसी लावणार असाल तर सलग लावा, नाहीतर अजिबात नको. डबीतलं तापमान नोंदलं जातंच, ते मोजणीशेजारी ठेवून बघा.

विजेचा प्रश्नही आहे. इन्व्हर्टरवर बदल होताना आर्डुइनो पुन्हा सुरू होतं आणि मिलिसेकंदांचा हिशोब शून्यावर येतो. पॉवर बँक लावावी तर अनेक पॉवर बँका इतका कमी करंट बघून आपोआप बंद होतात, तेव्हा आधी एक रात्र तपासा. एसडी कार्डावर एकट्याने लिहिण्यापेक्षा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय जोडून त्याची वेळ प्रत्येक ओळीला लावणं चांगलं. आर्डुइनोचं घड्याळ आठवड्यात मिनिटांनी सरकू शकतं. आणि मृतकाल वजा करायला विसरू नका. पडदा बदलताना आणि कार्डावर लिहिताना डबी आंधळी असते.

आता दुसरी सेवा, एनएमडीबी. जगभरच्या न्यूट्रॉन मॉनिटरांचा हा सामायिक साठा २००८ मध्ये युरोपीय निधीतून सुरू झाला. त्यातलं ‘नेस्ट’ नावाचं पान उघडायचं, केंद्रं निवडायची, तारखा टाकायच्या, आलेख किंवा साधा मजकूर घ्यायचा. नोंदणीची कटकट नाही. दिसायला पान जुनाट, पण काम चोख. दाबाची दुरुस्ती केलेला पर्यायच निवडा. न्यूट्रॉनसाठी दर हेक्टोपास्कलला सुमारे ०.७ टक्के फरक पडतो, म्हणजे कच्च्या आकड्यांत युरोपातलं हवामानच दिसेल. वेळ यूटीसीमध्ये असते, आपल्यासाठी साडेपाच तास मिळवा. तुलना सापेक्ष टक्क्यांतच करा, कारण प्रत्येक मॉनिटरचा आकार आणि उंची वेगळी.

केंद्रं निवडताना तीन घ्यावीत: ओउलू, मधलं म्हणून रोम किंवा अथेन्स (सुमारे ८.५ गिगाव्होल्ट), आणि थायलंडच्या डोई इंथनॉन शिखरावरचं. त्याची कटऑफ १६.८, ठाण्याच्या सर्वात जवळची. तिन्ही रेषा एकाच पानावर आल्या की सगळा विषय डोळ्यांसमोर उभा राहतो: तीच घट ओउलूला खोल, रोमला मध्यम, थायलंडला उथळ. तुमच्या डबीने थायलंडच्या रेषेपेक्षा खोल घट दाखवली तर आधी टाकी, एसी आणि टेप तपासा. उलटी शंका घ्यायची गरजच नाही, कारण म्युऑन न्यूट्रॉनहून जास्त ऊर्जेच्या कणांपासून येतात.

सरावासाठी १० ते १५ मे २०२४ या तारखा टाका. सूर्यावरच्या एआर १३६६४ या डागसमूहातून एकामागून एक सुटलेल्या सीएमईंनी जी५, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाचं, भूचुंबकीय वादळ आणलं. लडाखच्या हानलेतून तेव्हा तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. आलेखात मोठी घट दिसतेच, पण ११ तारखेला उंच अक्षांशांच्या केंद्रांवर घटीच्या तळातच छोटा उंचवटाही दिसतो. तो सूर्याकडूनच आलेल्या वेगवान प्रोटॉनांचा. नवखा माणूस त्याला घट भरून निघाली असं समजतो. थायलंडच्या रेषेवर हा उंचवटा शोधू नका. असे प्रोटॉन आपली चाळणी क्वचितच ओलांडतात.

नेस्टमध्ये एक उणीव आहे: वादळात भूचुंबकीय क्षेत्रच दबलं तर चाळणीची भोकं मोठी होतात आणि घटीच्या मध्येच जास्तीचे कण आत येतात. याचा वेगळा आलेख तिथे नाही. उटीच्या ग्रेप्स-३ ने २२ जून २०१५ ला हेच पाहिलं, दोनेक तासांचा म्युऑनचा उसळा. ५६० चौ. मीटरची, ३७१२ नळ्यांची दुर्बीण, दिवसाला अब्जावधी म्युऑन मोजणारी. कमी अक्षांशावर असे बारकावे पाहायला काय लागतं त्याचा अंदाज यावरून यावा. म्हणून नेस्टच्या शेजारी डीएसटी निर्देशांकाचा, म्हणजे भूचुंबकीय क्षेत्र किती दबलं ते सांगणारा, आलेखही उघडा ठेवा. हा धागा आपल्या दाराशीच आहे: नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची अलिबागची वेधशाळा हेच क्षेत्र मोजते. ती वेधशाळा मूळची कुलाब्याची, विजेच्या ट्राम येणार म्हणून हलवलेली, आणि सप्टेंबर १८५९ च्या वादळात क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरल्याची नोंद त्याच कुलाब्याची.

मग घ्यायची का? शाळेच्या प्रयोगशाळेला, कॉलेजच्या प्रकल्पाला, हौशी माणसाला: हो, पण जोडीच. एकटी डबी म्हणजे महागडं गॅमा-मापक. जोडी तिरपी करून म्युऑन क्षितिजाकडे कसे कमी होतात ते दोन दिवसांत मोजता येतं, लिफ्टने मजले बदलून स्लॅबचा परिणाम, आणि महिनाभरात हवेच्या दाबाचा स्वतःचा गुणांक. हे तिन्ही प्रयोग ठाण्यात शंभर टक्के जमतात. फोर्बुश घटीसाठीच घेत असाल तर पैसे चार जोड्यांसाठी जमवा. नाहीतर ओउलूचा आलेख बघत जोडी शेजारी ठेवा.

घेतलीत तर पहिला महिना काहीच शोधू नका. वहीत रोज पाच रकाने: जोडमोजणीची दिवसाची बेरीज, सरासरी दाब, डबीचं कमाल-किमान तापमान, वीज गेली का, पाऊस होता का. टाकी जवळ असेल तर सहावा रकाना पंपाच्या वेळेचा. जेलची छोटी नळी जास्तीची मागवून ठेवा, सप्टेंबरात लागते.